शिडाच्या दोराची गाठ

सभासदहो, आज दुपारी वसंतरावांनी आपल्या नौका क्लबच्या फळ्यावर लिहिले की, यंत्रमागांचे फिटर मल्लय्या यांनी मंगळवारी न तपासता बसवलेल्या पकडीमुळे आपली जुनी नाव हिप्परगा तलावात उलटली. यापुढे त्यांना नावेला हात लावू देऊ नये, असेही त्यांनी लिहिले. पकडीवरचा हा ठपका असत्य आहे.

त्या नव्या पकडीत शिडाचा दोर गाठीविना राहतो आणि झटक्यासरशी सुटतो. जुन्या सवयीने मी वर गाठ मारली. वारा फिरला, तेव्हा ती सुटेना आणि नाव उलटली.

काठावर निथळत मल्लय्या म्हणाले, "काका, पकड सोडती की! गाठ कुणी मारली?"

मी गप्प राहिलो. पोहण्यापेक्षा त्यानेच अधिक थकलो आहे.

वार दुरुस्त करून घ्यावेत. पकड बसली सोमवारी. मल्लय्यांनी ती तपासली मंगळवारी. गाठ पडली आज, गुरुवारी. ती माझ्या हातची.