कार्डातली मेमरी
मिक्सर तापला की जळक्या धुळीचा वास येतो. माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरला तोच वास यायचा. तो घरांचे नकाशे काढायचा. तो वारल्यावर ते काम सुनेने हातात घेतलं, पण मोठा नकाशा उघडला की मशीन अडकायचं, म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायला आम्ही दोघी धरणगावहून एसटीने धुळ्याला गेलो. दुकानदाराने दोन्ही कार्डं काचेवर शेजारी शेजारी ठेवली. मुलाचं जुनं लाल, जाडजूड, दोन पंख्यांचं. नवं काळं आणि अंगाने बारीक. मी म्हटलं, "भाऊ, हे तर उपाशी दिसतंय." तो हसला. "अक्का, जुनं गेम खेळणाऱ्यांचं, स्वस्तातलं. हे खास नकाशेवाल्यांचं. जुन्यात मेमरी चार, यात सोळा. जुनं बदल्यात देऊन टाका." मेमरी म्हणजे आठवण, एवढं इंग्रजी मला येतं. मी जुनं कार्ड उचलून पदराखाली धरलं आणि देणार नाही म्हणाले. "यामा मना पोऱ्याना बठ्ठा नकाशा शेतस." सून मान खाली घालून म्हणाली, "आई, नकाशे दुसरीकडे आहेत. यात काही नसतं." दुकानदार हसायचा थांबला. "खरं आहे, अक्का. मशीन बंद केलं की ही मेमरी कोरी होते. नव्याचीही." मी कार्ड काचेवर परत ठेवलं. "मंग मेमरी कसाले म्हणतस?" त्याने जुनं कार्ड खणात टाकलं आणि नवं खोक्यात भरून दिलं. आता नव्या कार्डावर सुनेचं काम बरं चाललंय. मुलाचा फोटो भिंतीवर आहे. त्याचा आवाज मात्र मला आठवत नाही.