शोभाताईंच्या डबीतल्या गोळ्या

बायोप्सीचा कागद वाचून सुरतचे डॉक्टर म्हणाले, "कार्सिनोमा." म्हणजे कर्करोग, माझ्या उजव्या स्तनातला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं हेच आलं, की मला का? शोभाताईंना का नाही?

शोभाताई माझ्या थोरल्या जाऊ. गावी, रनाळ्यात, आमचं घर एक, चूल एक. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, पण कमरेइतके केस त्यांचे. त्या रोज पपई-डाळिंबाच्या अर्काच्या दोन गोळ्या घेत. त्यात पॉलिफेनॉल, म्हणजे फळांतली गुणकारी द्रव्यं असतात, असं विकणारीनं सांगितलेलं.

"ह्या गोया खाद्या का कॅन्सर जवय येत नही," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

केमोत माझे केस गेले. त्या समोर बसून वेणी घालायच्या आणि मला हेवा वाटायचा. गोळ्या मागायला जीभ रेटेना. मग त्या गोठ्यात गेल्या की मी फडताळातली डबी उघडून दोन गोळ्या गिळायचे. आमच्याच बागेतल्या पपया पाखरं खात होती आणि मी पपईची गोळी चोरत होते.

तिसऱ्या केमोआधी एसजीपीटी वाढलेलं निघालं. यकृतावर ताण आला की रक्तात हे वाढतं. केमो पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही घेता का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

सोबत शोभाताई होत्या, दर खेपेला असायच्याच. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, ती मन्ह्या डबीमातल्या गोया खाय ऱ्हायनी. माले माहीत शे. तिले पुरोत म्हनीसन मी मन्ह्या बंद करी दिन्या."

मला पुराव्यात म्हणून त्यांनी स्वतःच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि मी त्या चोरून खात होते.

डॉक्टर रागावले नाहीत. "या द्रव्यांवर प्रयोगशाळेत अभ्यास चालू आहे, पण गोळीनं माणसाचा कर्करोग टळतो असं सिद्ध झालेलं नाही. फळं खुशाल खा. अर्काच्या गोळ्यांनी मात्र यकृतावर ताण येऊ शकतो, उपचार चालू असताना मला विचारल्याशिवाय त्या नकोत."

गोळ्या थांबवल्यावर रिपोर्ट सुधारला, राहिलेल्या केमो पार पडल्या. तुमच्यापैकी कुणी लपून काही घेत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. लाज नंतर वाटून घ्या.

माझे केस आता बोटभर आलेत. शोभाताई सकाळी पपई चिरून पहिली फोड माझ्या हातावर ठेवतात. हेवा अजून वाटतो. डबी माझी असती आणि आजार त्यांना, तर मी माझ्या गोळ्या त्यांच्यासाठी सोडल्या असत्या का?