फ्लेक्सवरचं टोक

वेदांग माझा सख्खा धाकटा भाऊ. मी दहावी नापास, इकडे आखातात फुजैरात केटरिंग चालवतो. पण त्याला इंजिनियर मी केला, हे लिहून ठेवा.

वेदांग इथल्याच उम्म अल कुवैन गावातल्या एका छोट्या कंपनीत कॅथेटर बनवतो, म्हणजे रक्तवाहिनीत घालायची बारीक नळी. तिचं टोक वळणावर नस खरवडायचं. सहा वर्षं खपून त्याने टोकाला असे तिरके काप दिले की ते शेवईसारखं वळायला लागलं. आहे कुणाच्या घरात असा माणूस?

नोव्हेंबरात युरोपच्या पेटंटचा अर्ज गेला. मिळालं तर कंपनी तरणार, नाहीतर खलास. त्याची नोकरी, व्हिसा, पोरीची शाळा, सगळं त्या पेटंटवर. तेवढ्यात तिकडच्या एका बड्या कंपनीने हरकत घेतली: हे टोक अर्जाआधीच लोकांनी पाहिलंय, पुरावा देतो.

वेदांगची झोप उडाली. ड्रॉइंग तर कंपनी आणि घर सोडून कुठे गेलंच नव्हतं! वकीलबाई शालिनी मॅडम सारख्या विचारायच्या, "अर्जाआधी कुठे दाखवलंत का? एक फोटो जरी बाहेर गेला असला तरी पेटंट मिळत नाही." त्याने कंपनीतल्या सोबतच्या रफिकवर संशय घेतला, त्याच्याशी बोलणं टाकलं.

रविवारी संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला आला. पहिल्या घासालाच हात थांबला. समोर भिंतीवर त्याच्या सत्काराचा फ्लेक्स, मी कालच लावलेला. सत्काराला त्याला सुटी मिळाली नव्हती, शाल त्याच्या वतीने मीच घेतली होती. त्याचा फोटो, शेजारी हातभर मोठं टोक, काप न् काप दिसतोय. वर मीच लिहून घेतलेलं: 'जगात पहिल्यांदाच!'

"दादा, हे चित्र कुठलं?"

"तुझ्या घरी टेबलावर होतं. मोबाईलवर काढलं. सत्कार काय नुसत्या शाल-नारळावर उरकायचा?"

"सत्कार गणपतीत होता ना?"

"मग! दोनशे माणूस टाळ्या वाजवत होतं."

"म्हणजे अर्जाच्या आधी." त्याने बोटांवर महिने मोजले. "फेसबुकवर टाकलंस?"

"टाकणार नाही होय? चारशे लाईक आहेत!"

त्याने ताट सरकवलं. माझी बायको सुचित्रा म्हणाली, "भावजी, वरण तरी घ्या." तो उठून फ्लेक्ससमोर उभा राहिला.

"काढून टाकू का रे?" मी विचारलं.

"हात लावू नकोस. पुसलं तर आणखी अंगाशी येईल. त्यांना सापडलं नसेल, इन्शाल्ला." पण नजर फ्लेक्सवरून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने मला एक पान पाठवलं, खाली एक अक्षर नाही. त्या बड्या कंपनीच्या पुराव्याचं पहिलं पान. फ्लेक्सचा फोटो, प्रत्येक कापाला लाल गोल, खाली गणपतीतली तारीख. आणि शेजारी नवा सफारी घालून, टोकावर बोट ठेवून, हसत उभा मी.