कानबाईच्या रोटात माझी मूठ

सिंधूच्या हातचा रोट कधी चिरत नाही. सिंधू म्हणजे माझी धाकटी जाऊ, जवळच नवागामला राहते. तिचे दोन्ही हात धड आहेत, आवाज खणखणीत आहे, कानबाईची गाणी म्हणायला बसली की गल्ली गोळा होते. मला तिचा हेवा वाटतो. देवाधर्माचं लिहिताना असं लिहू नये म्हणतात. पण देवीला सगळं ठाऊक असताना खोटं कोणासाठी लिहायचं?

आम्ही खानदेशातले. माझे मालक कापडाच्या लूमवर कामाला या शहरात आले तेव्हापासून गोडादऱ्यात राहतो. मालक गेले, आता मी आणि मुलगा-सून आहोत. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे काढून, नथ घालून, पातळ नेसवून देवी मांडतो. एक रात्र ती घरची पाहुणी असते, दुसऱ्या दिवशी तापीवर निरोप. थोरल्या भावाचं घर म्हणून ती माझ्याकडे बसते. तिला रोट लागतात. घरातल्या पुरुषांची संख्या धरून, प्रत्येकाची सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो वेगळा दळायचा आणि त्याच्याच जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे. बायकांची मूठ त्यात नसते. पीठ कमी पडलं तरी वरून चिमूटभर घालायचं नाही. बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही. आणि आमच्या सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम असा, की देवी बसायच्या दिवशी घरात कोणाला वाकडा शब्द बोलायचा नाही.

मागच्या वर्षी आषाढात माझ्या उजव्या हातावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. दीर भेटायला आले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा जमलं तर करा. नाहीतर पुढच्या वर्षापासून देवी आमच्याकडे बसवू, सिंधू करेल सगळं." चांगल्या मनानंच म्हणाले. मला झोंबलं. सिंधू शेजारी खाली मान घालून बसली होती, पण मला तिची मानसुद्धा खूश दिसली. तेव्हाच ठरवलं की रोट मीच करणार, एका हाताने का होईना. देवी या घरातून उठली तर मागे माझं काय राहतं?

देवी बसायच्या दिवशी सून फुलं आणायला गेली होती. मी परात घेऊन बसले. डाव्या हाताने तांब्या धरला, तो सटकला आणि सगळं पाणी पिठात गेलं. हाताला चिकटणारी लापशी झाली. वरून पीठ घालता येत नाही आणि ती लापशी टाकताही येत नाही. मी तोंड सोडलं. "थोटे, मेले, खायला काळ आणि भुईला भार! सिंधूनं डोळे मिटून केलं असतं. दे, दे देवी तिला, तुझी लायकीच नाही."

ही बोलणी मला नवी नव्हती. दूध उतू गेलं, सुईत दोरा गेला नाही, जिन्यात दम लागला, की मी स्वतःला अशीच फोडून काढायची. मला वाटायचं, धाक असला की माणूस सरळ राहतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "माय, कोनले इतलं बोली ऱ्हायनी? घरमा आज देवी बसाव शे ना?"

एक बाई उभी होती. हिरवं पातळ, कपाळभर कुंकू, चपला हातात. त्या दिवशी आमच्या वस्तीत कोणीही कोणाकडे दर्शनाला जातं, म्हणून मला नवल वाटलं नाही. मी म्हटलं, "कोनलेच नही. मालेच बोली ऱ्हायनू."

"मंग तू या घरनी नही का?"

मला राग आला. दर्शन संध्याकाळी आहे, म्हटलं, आणि परात तिच्याकडे फिरवली. "हाई देख, काय व्हयनं ते!"

तिने उंबरा ओलांडला नाही. तिथूनच वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पीठ पानी पिई लेई. झाकी दे. तूबी बस जराशी. पाहुणीसंगे बोलस ना, तसं सोतासंगे बोल."

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी परातीवर ओलं फडकं टाकलं आणि भिंतीला टेकून बसले. "बस, माय. थकलीस," असं स्वतःला म्हणून पाहिलं. वेड्यासारखं वाटलं. पुन्हा म्हटलं, "हात एकच आहे. एकाने होईल तेवढं होईल. राहिलेलं तुझं, कानबाई." इतक्या वर्षांत देवीकडे मी पुष्कळ मागितलं होतं, पण तिच्यावर असं काही टाकलं नव्हतं. रडले नाही. मला रडू येत नाही, चहा लागतो, आणि देवीच्या कडक उपासामुळे तोही नव्हता.

फडकं काढलं तेव्हा पीठ आवळून आलं होतं. बाई दारात नव्हती. संध्याकाळच्या गर्दीत तिला शोधलं, शेजारणींना विचारलं, कोणालाच ती माहीत नव्हती. सून म्हणते, दळण जाडसर होतं, पाणी ओढणारच. असेल. मी वाद घालत नाही. मला ते ठाऊक असायला हवं होतं आणि त्या वेळी आठवलं नाही, एवढं खरं.

रात्री सिंधूनं रोट मोडला आणि म्हणाली, "आक्का, इतका मऊ कसा काय? चावावाच लागत नाही."

"तुझे दात मजबूत आहेत म्हणून," मी म्हटलं. दिरांनी दुसरा रोट मागून घेतला. देवी हलवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

सकाळी तापीवर जाताना देवी सिंधूच्या डोक्यावर होती. मला पेलली नसती. लोक वाकून पाया पडत होते आणि माझा हेवा पुन्हा पेटला. "थोटे" जिभेवर आलं. मी म्हटलं, "माय, हळू चाल. घाट निसरडा आहे." आणि मी हळू चालले. हेवा गेला नाही, पण मला मारायला माझीच काठी त्याच्या हाती राहिली नाही. ही कृपाच. ती बाई कोण होती हे मी आता विचारत नाही.

यंदा गहू मोजायला सिंधू आली होती. माझी उजवी मूठ अजून पुरती मिटत नाही. पुरुषांच्या मुठी झाल्यावर मी त्याच हाताने आणखी एक मूठ टाकली. अर्धे दाणे बोटांतून सांडले, ते वेचून टाकले.

"आक्का, ही कोणाची?"

"माझी."

वाटलं, आता रीत शिकवेल. तिने गव्हाचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "मंग मनी मूठबी टाक ना."

टाकली. तिची मूठ मी माझ्यापेक्षा जरा लहान टाकली. तेवढं कानबाईनं समजून घ्यावं.