कपाळावरची माती

आधी मंगरूमामाचं नाव घेतो, मग झालं ते सांगतो. मामा सालेकशाकडचा गोंड, गोंदियाच्या राइस मिलमधला जुना हमाल. माझ्या नात्याचा नाही, जातीचा नाही. मी चांद्याकडून आलो तेव्हा चौथीत सुटलेली शाळा आणि काडीसारखं अंग, एवढंच घेऊन गाडीतून उतरलो होतो. मामानं मला आपल्या खोपटात ठेवलं आणि मुकादमाला म्हटलं, "ठेवून पाहा जी याले. हा चुकला तं मले काढजा." त्याच्या या शब्दावर मला काम मिळालं. याच शब्दानं पुढं माझा गळा धरला.

आता ती सकाळ. आखाड्यात मी गुडघ्यांवर बसलो होतो. माझ्याच पावलाचा ठसा दोन्ही हातांनी उकरत होतो. भोवती लंगोट लावलेली पोरं. वर मिलचे धाकटे मालक उभे.

"और गहरा. टाच रुतली तिथवर काढ."

काढत होतो.

तिथवर कसा गेलो? पोत्याखाली माझे गुडघे वाकत. मुकादम सगळ्यांदेखत म्हणे, "काऊन गा, तू पोतं उचलून रायला का पोतं तुले?" अंगात जोर आला नाही तर काढतो, असं त्यानं बजावलं होतं. काम गेलं तर घरी मायला काय सांगू? त्याच दिवसांत धाकट्या मालकांनी मिलच्या मागं व्यायामशाळा काढली. रोज पहाटे सगळ्यांनी मिळून जोर, बैठका, लाठीची कवायत. फाटकाशी उभे राहून ते म्हणाले, "देश गुलाम काऊन आहे? अंगात जोर नाही म्हणून. सब आओ."

सब म्हटलं. मी गेलो.

त्यांनी नाव विचारलं. मग वस्ती विचारली. मग एक दोरी बांधली. आत आखाडा, बाहेर मी. "तिथूनच कर. दिसते ना तुले?"

तेव्हा मला राग आला नाही. उपकारच वाटले. जवळच्या नागरा गावच्या तळ्यातली माती आणायला सांगितली, मी बैलगाडीनं आणली. खडे वेचले, चाळून लोण्यासारखी केली. नागपंचमीला तिच्यावर तेल, हळद, ताक शिंपून पूजा झाली. त्या घडीपासून माझीच चाळलेली माती मला शिवायची नव्हती.

जाणं बंद करावं तर मालक म्हणतील, माजला. जावं तर दोरी. मध्ये मामाचा शब्द. मी दोरीबाहेर जोर मारत राहिलो. दंडांत जोर भरला. पोतं पाठीवर चढू लागलं.

मग नागपूरचे एक पाहुणे कवायत पाहायला आले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हा तर सगळ्यांत चांगला मारतो. आत का नाही?"

 मला वाटलं, आपल्याला बोलावलं. दोरीखालून गेलो. उतरण्याआधी सगळे करतात तेच केलं. वाकलो, चिमूटभर माती कपाळाला लावली. आणि पाऊल टाकलं.

"ए! बाहर निकल!"

पाहुणे दुसरीकडं पाहू लागले. मला ठसा उकरायला बसवलं. एक पोरगा ओरडला, "मालक, सारी मिट्टी यानंच चाळली ना! ठसा कायले काढता, आखाडाच काढा!" हशा पिकला. मालकही हसले. ती माती सदऱ्याच्या घोळात भरून मी कुंपणाबाहेर टाकून आलो.

"आता कपाळ पूस."

हात वर गेला. खरंच गेला. आणि कपाळाशी थांबला.

"नाही पुसत."

हसणं थांबलं. मालक म्हणाले, "मंगरू को बुलाओ."

मामा आला. कोंड्यानं पांढरा झालेला, पाठीत वाकलेला. मालक म्हणाले, "तुझ्या भरवशावर ठेवला ना? सांग त्याले, पूस म्हणून. नाही तर दोघंही चालते व्हा."

मामानं पूस म्हटलं असतं तर मी पुसलं असतं. त्याच्यासाठी पुसलं असतं. तो माझ्या कपाळाकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "कायले पुसते गा? माती तं हाय."

दोघांनाही काढलं. त्या वयात मामाला दुसऱ्या मिलनं घेतलं नाही. तो सालेकशाला परतला.

मी इथंच गोंदियात आहे. रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती चढवतो-उतरवतो, त्यातली बरीच त्याच मिलची. गावी जाऊन तरी काय, तिथंही दोरी आहे, फक्त दिसत नाही. व्यायामशाळा चालू आहे. सकाळी कवायतीचे आकडे इथवर ऐकू येतात.

पण आमच्या वस्तीमागं नाल्याकाठी मी जागा पाहून ठेवली आहे. माती मीच आणीन, मीच चाळीन. दोरी बांधणार नाही. धाकटे मालक आले तर त्यांनाही उतरू देईन. मात्र आधी वाकून ती माती त्यांनी कपाळाला लावायची.

मामा, माझ्यापायी तुझी भाकर गेली. आखाडा झाला की सालेकशाला येईन, तुला गाडीत बसवून आणीन. पहिलं पाऊल तुझं पडेल. तो ठसा कोणाला उकरू देणार नाही.