धाकट्याच्या वाट्याला आलेला बाप

कळसाडीच्या रतिलाल पाटलानं आयुष्यात बरंच काही वाटलं. केळी वाटली, सल्ले तर न मागताच वाटले, आणि धाकट्या रूपचंदचं लग्न झालं तेव्हा पंच बसवून शेतही वाटलं. थोरल्या उखाला सगळी बागायत मिळाली, कारण कसणारा तोच. रूपचंद फौजेत मोटार चालवायचा, त्याला पगार होता. म्हणून त्याला राहतं घर आणि आईबाप. हा निवाडा पंचांचा नव्हे, रतिलालचाच. ‘मी स्वतःच स्वतःला भांड्याकुंड्यांबरोबर धाकट्याच्या ढिगात टाकलं,’ असं तो पुढे हसत सांगायचा.

टाकलं खरं, पण ते त्याला समजलं मात्र नव्हतं. वाटणीनंतरही तो रोज सकाळी उखाच्या मळ्यात जाऊन केळीला पाणी कसं द्यायचं ते सालदार गड्याला शिकवी. सालदार मान डोलवी आणि उखा सांगेल तसंच पाणी देई. रूपचंदची मनिऑर्डर आली की ती घेताना रतिलालचा आव असा, जणू पोरगा बापाला शेताचा खंडच भरतो आहे. सुंभ जळाला होता, पीळ कायम होता.

चीनची लढाई होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा त्याची बायको रेवाबाई तव्यावरची भाकर चाचपून उलटायला लागली. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू. शहाद्याचा डॉक्टर म्हणाला, नुसता मोतिबिंदू नाही, डोळ्यात दाबही वाढलाय. मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर केलात तर आहे तेवढाही उजेड जाईल. रूपचंद तेव्हा सुट्टीवर आला होता.

“बाबा, फौजना दवाखानामा माय-बापले फुकट इलाज शे,” तो म्हणाला. “मन्ही चाकरी शे तोवर.”

नाशिककडच्या छावणीतल्या दवाखान्यात त्यानं शब्द टाकला. अट एकच होती: आईबाप त्या जवानाच्याच कमाईवर जगणारे हवेत. रूपचंदनं ही अट बापाला दोनदा समजावली. बापानं ती नेहमीसारखी ऐकली, म्हणजे ऐकलीच नाही.

छावणीत जायचं तर पाटलासारखं जायला नको? रतिलालनं उखाची सोन्याची अंगठी मागून बोटात घातली, जरीचा फेटा बांधला आणि उखाच्याच बागेतला केळीचा घड एस.टी.च्या टपावर चढवला. शहाद्याहून धुळे, धुळ्याहून नाशिक. गाडी थांबली की हा खाली उतरून घड शाबूत आहे ना ते बघून येई. बायकोला पाणी हवं का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. ते रूपचंदनं विचारलं.

दवाखान्यात नावनोंदणीला साताऱ्याकडचे एक सुभेदार बसले होते. त्यांनी रूपचंदचं नाव-गाव विचारून घेतलं आणि रतिलालकडे वळून म्हणाले, “बाबा, तुमचं पोट कोणाच्या कमाईवर चालतं?”

साधा प्रश्न. पण खोलीत आणखी चार जवानांचे आईबाप बसले होते, आणि चार माणसं दिसली की रतिलालची छाती आपोआप फुगे.

“मन्हं पोट?” पायाशी ठेवलेल्या घडावर हात ठेवत तो म्हणाला. “आहो सायेब, मन्हावर आख्खं गाव जगस! ह्या केया दखा. मन्ही बागायत शे. हाऊ पोऱ्या तं हौसखातर फौजमा गया.”

सुभेदारांनी घडाकडे पाहिलं, मग अंगठीकडे. “छान,” ते म्हणाले. “मग पाटील, आईंना चांगल्या खाजगी डॉक्टरकडे न्या. ही सोय पोराच्या जिवावर जगणाऱ्यांसाठी आहे.” आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली. रूपचंद ताठ उभा होता. साहेबासमोर बापाला खोटं पाडायचं, हे त्याला ना फौजेनं शिकवलं होतं, ना घरानं.

रेवाबाई बाहेर लिंबाखाली बसली होती. खिडकी उघडीच होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

“चला घर,” ती म्हणाली. “तुमनं नाक तं ऱ्हायनं ना? मंग मन्हा डोया गयात तरी चाली.”

ती भांडली असती तर रतिलालनं आवाज चढवून भागवलं असतं. पण ती खरंच उठून निघाली, आणि निघाली तीही उलट्या दिशेला. कुंपणाच्या काटेरी तारेत तिचं लुगडं अडकलं. ते सोडवायला तो धावला. हात आपला, पण हातातली अंगठी उखाची, हे त्याला तेव्हा कुठे दिसलं. इलाज खरं तर दोघांच्याही डोळ्यांना हवा होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

अंगठी काढून त्यानं खिशात टाकली आणि रांग मोडून तो सुभेदारांसमोर जाऊन उभा राहिला.

“सायेब, मी खोटं बोलनू. बागायत थोरला पोऱ्यानी शे. केया बी त्यान्या, आंगठी बी त्यानी. वाटनीमा मी ह्या धाकलाना वाटाले उनू. त्यानी मनिआर्डर येस तवय आमनी चूल पेटस.”

“आणि फेटा?” सुभेदारांनी विचारलं.

“फेटा मन्हा शे.”

खोलीतली सगळी माणसं हसली. रतिलालही हसला. हे बोलताना जीव जाईल असं त्याला वाटलं होतं, पण जीव काही गेला नाही. सुभेदारांनी रूपचंदला विचारलं, खरं का? रूपचंद “जी” म्हणाला, आणि त्याच दिवशी रेवाबाईला खाट मिळाली.

ऑपरेशननंतर डोकं हलवायचं नव्हतं. दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावून ती उताणी पडून असे. रतिलाल तिला चमच्यानं पेज भरवी, आणि त्यात मीठ कमी आहे हे दर वेळी सांगायला विसरत नसे. डाव्या डोळ्याला उशीर झाला होता, तो गेलाच. उजव्याची पट्टी ज्या सकाळी काढली, त्या सकाळी तिच्यासमोर पहिला तोच बसला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

“तुम्ही इतला म्हतारा कवय व्हयनात?” ती म्हणाली. आणि मग हळूच, “माले दखात नव्हतं, तं तुम्ही एकलाच म्हतारा हुई गयात.”

रतिलालला रडू आलं, आणि ते तिला दिसलं.