बुडबुड्याने मोजलेले पाणी

प्रयोगशाळेत त्याला सगळे बुडबुड्या म्हणत. पिण्याच्या पाण्यातले किरणोत्सारी घटक मोजणे हे त्याचे काम. नमुन्याच्या बाटलीत हवेचा एवढासा बुडबुडा दिसला, तरी तो ती ओतून पुन्हा भरायला लावी. पाण्यात विरघळलेला वायू त्या बुडबुड्यात निसटतो आणि आकडा खोटा येतो, हे त्याला खपत नसे. साऱ्या नोकरीत त्याने एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

आईच्या घरच्या विहिरीचे पाणीही त्याने तसेच मोजले. पाणी अगदी स्वच्छ निघाले. अहवालाचा कागद घडी करून त्याने पाकिटात ठेवला आणि आईला सांगितले, "पाण्यात युरेनियम आहे गं. मूत्रपिंडं जातील तुझी. सोड आता हे घर."

घर विकायचे त्याच्या बायकोने केव्हाच मनात घेतले होते, आणि आई सरळ सांगून हलणारी नव्हती.

लेकाकडे तिला जिन्याखालची खोली मिळाली. नातवाला उचलायला गेली तर सून म्हणाली, "नको, सासूबाई. इतकी वर्षं ते पाणी प्यायलात, अंगात भिनलं असेल. बाळाला कशाला त्रास?"

शेजारी लेक पेपर वाचत होता. असे काही होत नाही, हे त्याच्याइतके त्या घरात कोणाला ठाऊक होते? त्याने पान उलटले.

पुढे घराला गिऱ्हाईक आले, एक शिंपी. आपले शिवणयंत्र आणायचे म्हणून आईही लेकाबरोबर गेली. शिंपी खोल्या बघत होता. ती त्याच्यामागे गेली आणि म्हणाली, "घर खुशाल घ्या, भाऊ, पण विहिरीचं पाणी पिऊ नका. विषारी आहे. माझ्या लेकानं स्वतः मोजलंय."

शिंप्याने लेकाकडे पाहिले. "काय हो साहेब?"

बुडबुड्याने पाकिटातला कागद काढून उलगडला. "हे बघा, काहीसुद्धा नाही. आईचं मनावर घेऊ नका. वय झालंय, बरळते काहीबाही."

आई त्या कागदाकडे बघत राहिली. तारीख तिने घर सोडण्याआधीची होती. मग शिंप्याला म्हणाली, "हो, भाऊ. हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही."

तिने स्वयंपाकघरातले दोन पेले विसळले, विहिरीच्या पाण्याने भरले. एक शिंप्याला दिला, दुसरा उभ्याउभ्या स्वतः रिकामा केला.

"मला नाही का गं?" लेक उसने हसू आणून म्हणाला.

"तुला कशाला? तू मोजलंयस ना."

पाणी गोड आहे, असे म्हणत शिंप्याने ओठ पुसले. व्यवहार तिथेच ठरला.

घरी परतल्यावर नातू रांगत आजीकडे निघाला. सुनेने त्याला मधल्यामध्ये उचलले. आईने लेकाकडे एकदा पाहिले. त्याने पेपर उघडला होता.